अपक्ष उभ्या राहिलेल्या कमलादेवी

निवडणूक जाहीर झाली की सीमाभागातल्या गावांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो. यंदा आपल्या माणसाचे चिन्ह कोणते? मोठ्या पक्षांची चिन्हे लहान पोरेही भिंतीवर काढून दाखवतात. आपला उमेदवार मात्र बहुधा अपक्ष. मागच्या वेळी एक चिन्ह, या वेळी दुसरेच. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांना ते घरोघर जाऊन समजावून सांगावे लागते. हे काम आपल्या गावांनी किती निवडणुका केले आहे, त्याचा हिशेब आम्ही सांगायला नको. आणि निकालाच्या दिवशी आपला माणूस पडला, की पारावर कुणीतरी हमखास म्हणतो, मत वाया गेले.

मत खरेच वाया जाते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला एका बाईंची आठवण होते. त्या 1926 साली अपक्ष म्हणून प्रांताच्या विधिमंडळाची निवडणूक लढल्या, आणि पडल्या. त्यांचे नाव कमलादेवी चट्टोपाध्याय. हस्तकलेच्या, हातमागाच्या आणि रंगभूमीच्या क्षेत्रात हे नाव देशभर घेतले जाते. पण त्यांनी निवडणूक लढविली होती, तीही बायकांना उमेदवारीचा हक्क मिळाला त्याच वर्षी, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. म्हणून आज त्यांचे चरित्र थोडक्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कमलादेवींचा जन्म 3 एप्रिल 1903 रोजी मंगळूरला झाला. माहेरचे आडनाव धारेश्वर. घराणे सारस्वतांचे. मंगळूर त्या वेळी दक्षिण कानडा जिल्ह्यात होते आणि तो जिल्हा मद्रास इलाख्यात. आपले बेळगाव, धारवाड आणि कारवार हे मुंबई इलाख्यात. पूर्वी कानडा हा एकच जिल्हा होता. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी त्याचे दोन तुकडे केले, आणि 1862 मध्ये उत्तरेचा तुकडा मुंबईला जोडला. रेघ सरकारने ओढायची आणि गणगोत दोन्हीकडे विखुरलेले राहायचे, हा अनुभव एकट्या आपलाच नाही हे त्यावरून कळावे. दक्षिण कानड्यात तर एका बाजारात चार भाषा कानी पडत. कन्नड होती, तुळू होती, सारस्वतांची आणि ख्रिस्ती मंडळींची कोकणी होती, आणि दक्षिणेला कासरगोडकडे मल्याळम. अशा मुलखात कमलादेवी वाढल्या.

वडील अनंतय्या धारेश्वर सरकारी अधिकारी होते. आई गिरिजाबाई शिकलेल्या आणि स्वतंत्र बाण्याच्या. रानडे, गोखले, रमाबाई रानडे, ॲनी बेझंट अशा मंडळींशी या घराचा स्नेह होता. पुण्यात चाललेल्या सुधारणेच्या चळवळीचे वारे असे मंगळूरच्या त्या घरापर्यंत पोहोचले होते. घरात पुस्तके होती, चर्चा होती, आणि मुलींनी शिकावे हा आग्रह होता.

कमलादेवी सात वर्षांच्या असताना वडील वारले. त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते. त्या काळच्या कायद्याप्रमाणे सारी मालमत्ता त्यांच्या पहिल्या पत्नीच्या मुलाकडे गेली. गिरिजाबाईंच्या वाट्याला पोटगी तेवढी आली. ती घ्यायला त्यांनी नकार दिला, आणि स्वतःच्या स्त्रीधनावर मुलीला वाढविले. आपल्याच घरात आई एका दिवसात परकी कशी होते, हे त्या मुलीने सातव्या वर्षी पाहिले. पुढच्या निवडणुकीची गोष्ट समजायची तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. कारण त्या काळी मताचा हक्क मालमत्तेवर होता. ज्याच्या नावावर जमीन, घर किंवा कराची पावती, त्याला मत. आणि बाईच्या नावावर यांतले सहसा काहीच नसे.

मुलीचे लग्न चौदाव्या वर्षाच्या सुमारास, 1917 मध्ये झाले. दोन वर्षांच्या आतच नवरा वारला. त्या काळी अशा मुलीचे पुढे काय होई हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. घराघरांत एखादी आत्या, एखादी मावशी माजघरात आयुष्य काढीत असे. गिरिजाबाईंनी मुलीला माजघरात बसविले नाही. तिला मद्रासला क्वीन मेरीज कॉलेजात शिकायला धाडले. तिथे तिची ओळख सरोजिनी नायडूंच्या धाकट्या बहिणीशी, सुहासिनीशी झाली. त्या ओळखीतून भाऊ हरींद्रनाथ भेटले. हे चट्टोपाध्याय कुटुंब मूळ बंगालचे, पण हैदराबादेत स्थायिक झालेले. हरींद्रनाथ कवी होते, नाटके लिहीत, उत्तम गात. दोघांनी लग्न केले. विधवेचा पुनर्विवाह, तोही जातीबाहेर आणि भाषेबाहेर. सारस्वत समाजात त्यावर केवढे वादळ उठले असेल हे सांगायला नकोच. नवऱ्याची मातृभाषा बंगाली, बायकोची कोकणी. पुढे दोघांनी मिळून नाटके केली. कुलीन घरच्या बाईने रंगमंचावर उभे राहणे हा त्या काळी आणखी एक अपराध.

काही काळ ही दोघे इंग्लंडात होती. लंडनच्या बेडफर्ड कॉलेजात कमलादेवींनी समाजशास्त्राचे शिक्षण घेतले. गांधीजींच्या असहकाराच्या चळवळीची हाक तिथवर पोहोचली, तेव्हा 1923 मध्ये त्या परत आल्या आणि सेवादलाच्या कामाला लागल्या. हे हिंदुस्थानी सेवादल हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांनी उभे केलेले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1924 मध्ये, बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष झाले असे हे एकच अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी टिळकवाडीच्या माळावर विजयनगर उभारले, आणि पाण्यासाठी खोदलेली विहीर आजही काँग्रेसची विहीर म्हणून ओळखली जाते. त्या अधिवेशनात शिस्तीने उभ्या राहिलेल्या स्वयंसेविकांचे काम कमलादेवींकडे होते. त्या वेळी त्यांचे वय एकवीस. आपल्या मातीशी त्यांचा संबंध आहे तो असा.

आता त्या निवडणुकीकडे वळू.

1919 च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत कौन्सिले आली. आजच्या विधानसभेची ती आजी म्हणायला हरकत नाही. बायकांना मत द्यावे की नाही, हा निर्णय ब्रिटिश सरकारने प्रत्येक प्रांताच्या कौन्सिलवर सोपविला. 1921 मध्ये मद्रासने तो हक्क देऊन टाकला, आणि त्याच वर्षी मुंबईनेही. पण मत देता येई, उभे राहता येत नसे. बाईने मत द्यायचे ते पुरुषालाच. उभे राहण्याची आडकाठी दूर झाली ती 1926 मध्ये, आणि त्याच वर्षी निवडणूक आली.

मद्रासमध्ये मार्गारेट कझिन्स नावाच्या आयरिश बाई होत्या. आपल्या देशी बायकांच्या मताच्या हक्कासाठी झगडलेल्या होत्या आणि इथे येऊन त्याच कामाला लागल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे, की हक्क मिळाला आणि कुणी वापरलाच नाही, तर पुढे लोक म्हणतील, बायकांना तो नकोच होता. तेव्हा कुणीतरी उभे राहिलेच पाहिजे. त्यांनी कमलादेवींना गळ घातली. कमलादेवी तयार झाल्या. दक्षिण कानड्यातून त्यांचे नाव पुढे आले.

त्या अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या. मागे पक्षाची यंत्रणा नाही. तयारीला वेळ थोडा. वय तेवीस. पुनर्विवाह केलेली विधवा, परभाषी नवऱ्याची बायको, नाटकात काम करणारी. आमच्या एखाद्या गावात आजही अशा बाईने अर्ज भरला, तर पारावर काय बोलले जाईल याचा विचार वाचकांनी करावा. मग 1926 च्या मंगळुरात काय बोलले गेले असेल?

मतदार कोण होते, हेही पाहू. आजच्यासारखे अठरा वर्षांचे सगळे नव्हेत. जमीनदार, व्यापारी, करदाते, शिकलेले मोजके लोक. शेतात राबणारा कूळ नाही, मासेमारी करणारा मोगवीर नाही, विडी वळणारी बाई तर नाहीच. बायकांना कायद्याने मत होते, पण ते मालमत्तेच्या चाळणीतून गाळून. गिरिजाबाईंची मालमत्ता जशी एका दिवसात गेली, तशी ज्यांची कधी नव्हतीच, त्या साऱ्या जणी यादीबाहेर. म्हणजे कमलादेवींना मते मागायची होती ती बहुतांशी पुरुषांकडे, आणि त्यातही खात्यापित्या पुरुषांकडे. ज्यांच्यासाठी त्या उभ्या होत्या त्यांना मत नव्हते, आणि ज्यांना मत होते त्यांना असे बाईमाणूस कौन्सिलात पाहायची सवय नव्हती.

तरी प्रचार झाला. मार्गारेटबाईंनी बायका गोळा केल्या. हरींद्रनाथ गाणी गात. गाण्याने सभा भरते हे आपल्या शाहिरांनी आपल्याला पुढे शिकविलेच. बायका घराबाहेर पडल्या, उंबरे ओलांडून दुसऱ्यांच्या उंबऱ्यावर गेल्या. निवडणूक म्हणजे चावडीवर बसलेल्या चार पुरुषांचा उद्योग, ही समजूत त्या काही दिवसांत त्या जिल्ह्यात ढिली झाली.

निकाल लागला. कमलादेवी पडल्या. पण फारच थोड्या मतांनी.

इथे आम्ही थोडे थांबतो. हरलेल्या उमेदवाराची गोष्ट सांगताना एक मोह होतो. हार म्हणजे खरे तर जीतच होती, असे म्हणून टाकण्याचा. आम्ही तसे म्हणणार नाही. हार ती हारच. त्या निवडून आल्या असत्या, तर मद्रास कौन्सिलात लोकांनी निवडून दिलेली बाई बसली असती, आणि तिचे वजन वेगळे पडले असते. थोड्या मतांनी हरणे जास्त झोंबते, हे आपल्या गावांना चांगले माहीत आहे. चार घरे आणखी फिरलो असतो तर, त्या वाडीवर एक कोपरा सभा घेतली असती तर, आपल्यातल्याच दुसऱ्याने अर्ज मागे घेतला असता तर. अशा तर-तरच्या रात्री आपण पुष्कळ काढल्या आहेत.

पण त्या थोड्या मतांच्या फरकाने एक गोष्ट सिद्ध केली. पुरुष बाईला मत देतात. खातापिता, घरंदाज, कर्मठ म्हणवणारा मतदारसुद्धा देतो. बाई उभी राहिली तर तिची फजिती होईल, हे म्हणणाऱ्यांचे तोंड त्या आकड्याने बंद केले. लगेच पुढच्या वर्षी, 1927 मध्ये, मद्रास सरकारने डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची कौन्सिलवर नेमणूक केली, आणि सभासदांनी त्यांना उपाध्यक्ष निवडले. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या विधिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या बाई. देवदासी प्रथेविरुद्धचा ठराव त्यांनी तिथेच मांडला. त्या प्रथेवर बंदी घालणारा मद्रासचा कायदा यायला 1947 साल उजाडले, पण त्याचे मूळ त्या ठरावात आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर जाणाऱ्या आपल्या भागातल्या वाचकांना या प्रश्नाचे गांभीर्य निराळे सांगावे लागू नये. मुथुलक्ष्मीबाईंना नेमणुकीने मिळालेली खुर्ची कमलादेवींमुळेच मिळाली, असा दावा आम्ही करीत नाही. पण बाई उभी राहू शकते आणि मते घेऊ शकते हे लोकांनी पाहिले होते, ते आदल्याच वर्षी. आणि गंमत पाहा, बायकोच्या प्रचारात गाणी गाणारे हरींद्रनाथ 1952 च्या पहिल्या लोकसभेवर विजयवाड्याहून निवडून गेले, तेही अपक्ष म्हणूनच.

पडलेला उमेदवार पुढे काय करतो, यावर त्याची किंमत ठरते. काही जण पुढच्या निवडणुकीपर्यंत दिसत नाहीत. काही जण ज्यांनी मते दिली नाहीत त्यांना शिव्या देत बसतात. कमलादेवी दुसऱ्याच कामाला लागल्या. 1927 मध्ये अखिल भारतीय महिला परिषद सुरू झाली, तिच्या संघटनेचे काम त्यांनी उचलले. गावोगाव शाखा, मुलींचे शिक्षण, बालविवाहाविरुद्ध जागृती. त्यासाठी देशभर हिंडल्या.

1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह आला. गांधीजींच्या दांडीयात्रेत बायका नव्हत्या. कमलादेवींनी गांधीजींना भेटून आग्रह धरला, की या लढ्यात बायकांना जागा हवी. मुंबईत कायदा मोडण्यासाठी जी सात जणांची तुकडी निवडली, तीत दोघी बायका होत्या. एक कमलादेवी आणि दुसऱ्या अवंतिकाबाई गोखले. चौपाटीवर चूल पेटवून त्यांनी मीठ काढले. त्या मिठाच्या पुड्या कमलादेवींनी मुंबईच्या शेअर बाजारात आणि हायकोर्टात नेऊन विकल्या. कोर्टात बसलेल्या मॅजिस्ट्रेटलाही त्यांनी पुडी घ्या म्हणून विचारले. अटक झाली, तुरुंग झाला. त्यानंतरही तुरुंगाच्या वाऱ्या थांबल्या नाहीत. 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला, त्यात त्या होत्या, आणि 1936 च्या मेरठ अधिवेशनाच्या अध्यक्षा त्या झाल्या.

त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग आम्हाला विशेष वाटतो. 1941 मध्ये त्या अमेरिकेत होत्या. दक्षिणेकडच्या राज्यांत रेल्वेत गोऱ्यांचे डबे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे. कमलादेवी गोऱ्यांच्या डब्यात बसल्या होत्या. तिकीट तपासनिसाने त्यांना उठून दुसऱ्या डब्यात जायला सांगितले. मग त्याला कळले, की या बाई हिंदुस्थानी पाहुण्या आहेत. तेव्हा तो नरमला. पाहुणी म्हणून सवलत घेऊन निमूट बसता आले असते. पण कमलादेवींनी ती सवलत नाकारली. आपणही काळ्याच आहोत असे सांगून त्या जागेवरून हलल्या नाहीत. आपल्यापुरती सूट मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, असे त्यांनी मानले नाही. ज्यांना सूट नाही त्यांच्याबरोबर आपली मोजणी व्हावी, हा त्यांचा हट्ट. आपल्याकडेही एखाद्याचे काम ओळखीने होते, त्याचा दाखला त्याच्या भाषेत त्याला मिळतो, आणि मग बाकीच्यांचा प्रश्न तो विसरतो. तसल्या प्रसंगी हा रेल्वेचा डबा आठवावा.

स्वातंत्र्य आले आणि फाळणीही आली. वायव्य सरहद्द प्रांतातून निर्वासितांचे लोंढे दिल्लीत आले. सरहद्दीची रेघ कुणाच्या अंगणातून गेली, की माणसाचे काय होते, हे कमलादेवींनी त्या छावण्यांत पाहिले. 1948 मध्ये त्यांनी भारतीय सहकारी संघ उभा केला. निर्वासितांनी फुकटच्या शिध्यावर न जगता स्वतःच्या कष्टाने, सहकाराने वसाहत उभारावी, हा विचार. त्यातून फरिदाबादची वसाहत उभी राहिली.

मग हाताने काम करणाऱ्यांचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. 1952 मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले, त्याच्या त्या अध्यक्षा. विणकर, कुंभार, बुरूड, रंगारी, लाकडी खेळणी करणारे, कापडावर कलमाने चित्रे काढणारे अशा लोकांना शोधीत त्या खेडोपाडी हिंडल्या. दिल्लीच्या कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियमच्या मार्गे त्यांच्या मालाला बाजार मिळवून दिला. आंध्रातल्या कालहस्तीची कलमकारी मरणपंथाला लागली होती, तिला जीवदान मिळाले त्यामागे त्यांची धडपड आहे. 1964 मध्ये भारतीय शिल्प परिषद निघाली ती त्यांच्याच पुढाकाराने. नाटकाचे वेड तर जुनेच. राष्ट्रीय पातळीवर नाट्यशिक्षणाची सोय व्हावी म्हणून त्या झटल्या.

इथे भाषेचा मुद्दा येतो. हे कारागीर कुठल्या भाषेत बोलत? प्रत्येकाची भाषा वेगळी. त्यांच्या धंद्याचे ज्ञान पुस्तकात नव्हते, ते त्यांच्या बोलीत होते. रंग कुठल्या मुळीचा, ताणा किती, बाणा किती, भट्टी किती तापवायची, हे सारे ज्ञान बापाच्या तोंडून मुलाने ऐकलेले. बोली गेली की ते ज्ञान गेले. आपल्या गावांतही पाहा. विणकराच्या घरात मागाच्या प्रत्येक भागाला एक शब्द आहे, तो शहरातल्या मुलाला माहीत नाही. कमलादेवींच्या घरची बोली त्या वेळी सरकारच्या हिशेबात कुठेच नव्हती. कोकणीला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली ती 1992 मध्ये, त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी. सरकारी शिक्क्याशिवायही माणसाच्या जिभेवरचा शब्द मोलाचा असतो, हे घरातून शिकलेली ही बाई. म्हणून कदाचित शिक्का नसलेल्या कारागिराकडे पाहण्याची नजर तिला आली असावी, असे आम्हाला वाटते.

त्यांच्या मतदारसंघाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. 1956 मध्ये भाषावार राज्यरचना झाली. दक्षिण कानडा म्हैसूर राज्यात गेला, पण त्याचा कासरगोड तालुका केरळात गेला. त्याच वर्षी बेळगाव आणि कारवार मुंबईकडून म्हैसूरकडे गेले. कमलादेवी जिथून उभ्या राहिल्या तो जिल्हा आणि आमचा जिल्हा, दोन्हीकडे एकाच वर्षी रेघा ओढल्या गेल्या. 1966 मध्ये नेमलेल्या महाजन आयोगापुढे बेळगावचा प्रश्न होता, तसाच कासरगोडचाही होता. आयोगाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवण्याची शिफारस केली आणि चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा कासरगोडचा भाग म्हैसूरला द्यावा म्हटले. महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही, केरळानेही मानला नाही. कासरगोडमधले कन्नड भाषिक आपल्या शाळांसाठी आणि दाखल्यांसाठी तिथे जे म्हणत आले, तेच आपण इथे म्हणत आलो. तिथे ते थोडे, इथे आपण थोडे. भाषा निराळ्या, पण दुखणे एक. तेव्हा कन्नड बोलणारा शेजारी हा आपला वैरी नव्हे, त्याचाही एक भाऊ कुठेतरी सीमेपलीकडे अल्पसंख्य आहे, हे या निमित्ताने आम्ही नम्रपणे सांगतो. हक्क मागावा तो ठामपणे, पण त्यात द्वेषाची भेसळ नको.

कमलादेवींना मानमरातब पुष्कळ मिळाले. 1955 मध्ये पद्मभूषण, 1966 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार, 1987 मध्ये पद्मविभूषण. पण विधिमंडळाच्या बाकावर त्या कधी बसल्या नाहीत. 29 ऑक्टोबर 1988 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या शहरात चौपाटीवर मीठ काढले, त्याच शहरात.

त्यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी, 1987 मध्ये, कर्नाटकात जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या. त्यांत बायकांसाठी शेकडा 25 जागा राखीव होत्या. पुढे 1993 मध्ये घटनेच्या 73 व्या दुरुस्तीने देशभर एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि कर्नाटकाने त्या नंतर निम्म्यावर नेल्या. 2023 मध्ये लोकसभा आणि विधानसभांतही एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती संमत झाली. आज आपल्या ग्रामपंचायतीत बाई अध्यक्ष होते, तेव्हा कुणाला नवल वाटत नाही. कारभार नवराच पाहतो, अशी कुजबूज मात्र असते, आणि पुष्कळदा ती खरीही असते. तिथे आम्हाला मंगळूरची ती तेवीस वर्षांची अपक्ष आठवते. तिला राखीव जागा नव्हती. तिच्या मागे पक्ष नव्हता. तिच्यासारख्या बायकांना मत नव्हते. तरी ती स्वतःच्या नावावर उभी राहिली. आमच्या माताभगिनींनी मोर्चात पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या, घरे सांभाळली, तुरुंगातल्या नवऱ्याला डबे नेले. उमेदवारीचा अर्ज भरायची वेळ आली, की त्यांचे नाव शेवटी का येते? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

आता पारावरच्या त्या बोलण्याकडे येऊ. मत वाया गेले काय?

1926 मध्ये दक्षिण कानड्यात ज्या कुणी कमलादेवींना मत दिले, त्यांचा उमेदवार पडला. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनाही वाटले असेल, की आपले मत वाया गेले. पण फरक थोडा होता, तो त्यांच्या मतामुळेच थोडा होता. ती मते पडली नसती, तर बाई उभी राहते आणि तिची फजिती होते, एवढेच कागदावर राहिले असते. मोजणीत जो आकडा येतो, तो पुढचा माणूस वाचतो. पुढच्या वेळी उभे राहणाऱ्याला तो धीर देतो, आणि वरच्या सरकारला तो दखल घ्यायला लावतो. हरलेल्या माणसाची मते मोजली जातात. मोजली गेलेली गोष्ट पुसता येत नाही.

मात्र त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे मत द्यायला जावे लागते. दुसरे म्हणजे पडलेल्याने घरी बसता कामा नये. कमलादेवींनी निवडणूक एकदा हरली आणि पुढे बासष्ट वर्षे काम केले. आपल्या गावात पडलेल्या उमेदवाराने शाळेची पटसंख्या टिकवायला, वाचनालय चालवायला, म्हाताऱ्यांचे दाखले मिळवून द्यायला निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून लागावे. तो तसे करील तर पुढच्या वेळी त्याचे चिन्ह कोणते, हे समजावून सांगायला घरोघर फिरावे लागणार नाही. लोकच विचारीत येतील.